लाटेतली फट

रिकामी राहिलेली जागा तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठी नव्हती. कॅनव्हासच्या जाळीतले चार धागे उंच आणि एक घर रुंद, एवढीच. वर गडद निळ्याची रांग होती, खाली फिकट निळ्याची. मधल्या निळ्याची लाट चढत चढत त्या घरापाशी येऊन थांबली होती आणि पुढच्या घरापासून, जणू काही झालंच नाही, अशी पुन्हा सुरू झाली होती. फटीतून कॅनव्हासचा पिवळट पांढरा रंग दिसत होता.

धाकटीने ती फट पाहिली तेव्हा थोरली आत चहा टाकत होती. धाकटीने घाईघाईने सुईत मधला निळा ओवला, मागून सुई वर काढली, चार धागे सोडून खाली घातली, धाग्याचं शेपूट मागच्या टाक्यांखाली दडपलं आणि छाटलं. थोरली कप घेऊन बाहेर आली तोवर ती आपल्या चौकटीवर मान घालून बसलेली होती.

थोरलीने कप ठेवला, आपल्या चौकटीसमोर बसली आणि पुढची रांग घ्यायला लागली. तिच्या काही लक्षात आलं नाही. धाकटीला भीती वाटली ती त्याचीच.

त्या दोघी जावा. एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात इतकी वर्षं राहून दोघींचं कधी वाजलं नाही, याचं लोकांना नवल वाटायचं. रस्त्याकडे तोंड असलेल्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून दोघींच्या चौकटी उभ्या होत्या. दोघी मिळून खुर्च्यांच्या बैठकींसाठी बार्जेलोचं भरतकाम करायच्या. हे काम दिसायला जेवढं भारी तेवढं शिकायला सोपं. सगळे टाके उभे, सगळे एका उंचीचे. प्रत्येक टाका आधीच्यापेक्षा अर्धा वर किंवा अर्धा खाली घ्यायचा, की त्यातून लाटा होतात, ज्वाळा होतात, टोकदार शिखरं होतात. पहिली रांग तेवढी मोजून मापून घालायची. ती बरोबर बसली की पुढच्या रांगांना मोजणं नको, वरचीचं बोट धरून खालची चालत राहते.

अवघड असतात ते रंग. निळ्याच्या पाच-सहा छटा अशा लावायच्या, की गडदातून फिकटात उतरताना डोळ्याला पायरी लागू नये. ती जबाबदारी थोरलीची. धाकटीचा हात नीटस होता, पण रंगांच्या बाबतीत ती थोरलीच्या पासंगालाही पुरत नसे, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे.

सध्या त्यांच्याकडे मोठं काम होतं. एका जुन्या नाट्यगृहाच्या सज्जातल्या सगळ्या खुर्च्यांना नव्या बैठकी हव्या होत्या. लाटांची नक्षी, निळ्यातून राखाडीत जाणारी. तयार झालेल्या बैठकी घाट उतरून पलीकडच्या गावातल्या खुर्ची-कारागिराकडे पोचवायच्या होत्या. पोचवणार थोरली, कारण गाडी तीच चालवायची.

पहिली फट धाकटीला दिसली तेव्हा तिने मनावर घेतलं नाही. माणसाच्या हातून राहतो एखादा टाका. पण मग दुसरी दिसली, तिसरी दिसली, आणि पुढे पुढे एकही तुकडा फटीशिवाय निघेना. त्यांना एक शिस्त होती, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. थोरलीचा धागा संपायचा, ती नवा ओवायची, आणि रांग कुठे सोडली होती ती जागा शोधायला मान खाली घालायची. फट नेमकी तिथे पडायची. आपण जिथवर आलो ती जागा तिला आधीच भरलेली दिसायची. एक घर सोडून ती पुढे जायची.

लग्नाआधी धाकटी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाई वर्गाला एक खेळ दाखवायच्या, त्याची तयारी तिच्याकडे असे. रेघी कागदावर एका बाजूला फुली काढायची, दुसऱ्या बाजूला ठिपका. एक डोळा झाकायचा, फुलीवर नजर ठेवायची आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. एका ठरावीक अंतरावर ठिपका नाहीसा होतो. मुलं ओरडायची, हसायची, पुन्हा पुन्हा करून बघायची. धाकटीला मात्र तो खेळ आवडत नसे. ठिपका जातो याचं तिला काही वाटत नसे. त्याच्या जागी भोक दिसत नाही, काळं काही दिसत नाही, कागदाच्या रेघा तिथून सरळ पुढे गेलेल्या दिसतात, हे तिला आवडत नसे. डोळा सांगत नाही की मला इथलं दिसलं नाही. आजूबाजूला जे असेल तेच तो तिथे पसरून ठेवतो आणि गप्प बसतो.

एके दुपारी तिने एका तुकड्यातल्या तीन फटी मुद्दाम भरल्या नाहीत. थोरलीने तो तुकडा चौकटीवरून सोडवला, हात लांब करून समोर धरला, सवयीप्रमाणे डोळे किलकिले केले.

"सलग झालंय बघ," ती म्हणाली. "कुठे लाट तुटली नाही."

धाकटीने एका फटीवर बोट ठेवलं. थोरलीने तुकडा जवळ घेतला, मान तिरकी केली, आणि मग तिला दिसलं. अगं बाई, हे कसं राहिलं, म्हणत ती हसली, आता म्हातारी झाले म्हणाली आणि सुई घेऊन ते घर भरून टाकलं. उरलेल्या दोन फटी तिच्या मांडीवर, तिच्या हाताखाली, तशाच होत्या.

धाकटी उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. लाटांमध्ये तिला लाटा दिसतात. मग रस्त्यावर तिला काय दिसत असेल? रस्ताच दिसत असणार. तिथे कोणीही असलं तरी.

रोज सकाळी थोरली दोन्ही मुलांना शाळेत सोडायची. तिचा मुलगा ढब्बू आणि धाकटीची मुलगी टिकली. ढब्बू पुढे बसायचा, टिकली मागे, आणि पुढे कोण बसणार यावरून रोज भांडण व्हायचं. शाळा पुलापलीकडे होती. वाटेत बाजार लागायचा आणि एक गोल चौक, जिथे चारी बाजूंनी माणसं वाटेल तशी घुसायची.

गाडी फाटकाबाहेर पडली की धाकटी खिडकीशी यायची. हातात सुई असायची, पण टाका पडायचा नाही. आता बाजार लागला असेल. आता चौक. पुलावर गाडीचा वेग वाढतो, तिथे कडेने माणसं चालतात. रुग्णवाहिकेचा आवाज कुठूनही आला तरी तिचे तळवे ओले व्हायचे आणि लोकर सुईत सरकेनाशी व्हायची. मग गाडीचा ओळखीचा आवाज यायचा, थोरली किल्ली बोटाभोवती फिरवत आत यायची, आणि धाकटी तेव्हा कुठे थांबलेला टाका पुरा करायची.

हे बोलून का टाकत नाहीस, असं ती स्वतःलाच विचारायची, आणि उत्तर तिला पाठ होतं. बोलली असती तर ते भाऊजींच्या कानावर गेलं असतं.

भाऊजी म्हणजे थोरलीचा नवरा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता, मनाने वाईट नव्हता, पण बायकोला कमी लेखण्याची गोडी त्याला चहासारखी लागलेली होती. थोरली गाडी शिकली ती त्याच्या नाकावर टिच्चून. शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने फाटकाच्या खांबाला गाडी घासली. त्याला आता किती वर्षं झाली. पण घरी कोणी पाहुणा आला की भाऊजी खांबाकडे बोट दाखवायचे. हा आमचा खांब, म्हणायचे, फार उनाड, आमच्या हिच्या गाडीला येऊन धडकला. पाहुणा हसायचा. थोरलीही हसून म्हणायची, "खांबाला निदान आपली चूक कळली, तो पुन्हा आडवा आला नाही. तुमचं काय?"

पण एकदा तिचा पाय मोडला होता आणि भाऊजींनी किल्ली कपाटात ठेवून दिली होती. पाय बरा झाल्यावरही किल्ली लवकर बाहेर आली नाही. त्या दिवसांत थोरली लोकर आणायलाही कोणाच्या तरी तोंडाकडे बघत बसायची, आणि तिचा आवाज खालच्या पट्टीत गेला होता. धाकटीने ते जवळून पाहिलं होतं. किल्ली एकदा पुन्हा त्या कपाटात गेली की कायमची, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि ती तिथे नेऊन ठेवणार कोण, तर आपण.

तिचा स्वतःचा नवरा जहाजावर असायचा. फोनवर तिने त्याला आडून आडून सांगितलं. तो म्हणाला, खात्री आहे का तुला? नसेल तर उगाच घरात आग लावू नकोस.

मग तिने थोरलीलाच आडून सुचवलं, की ताई, डोळे दाखवून या एकदा. थोरली दुसऱ्याच दिवशी चष्म्याच्या दुकानात गेली आणि नवी फ्रेम घालून परत आली. दुकानदाराने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली म्हणाली, तोच बिचारा दमला. मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं धाकटी म्हणाली तेव्हा थोरलीने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, मला दिसतंय, तर डॉक्टर त्यात काय बघणार?

अक्षरं वाचायला समोरची नजर लागते. ती शाबूत होती. गेली होती ती कडेची, डावीकडची, जिच्यामुळे माणूस न बघताच बाजूला होतो. फटी नेहमी सुईच्या डाव्या बाजूला पडायच्या, त्यावरून धाकटीने हे ताडलं होतं. भिंतीवरच्या अक्षरांतून ते कळणार नव्हतं.

मग तिने एक वाट काढली. काही ना काही निमित्ताने ती सकाळी गाडीत बसायला लागली. आज शाळेत बाईंना भेटायचंय, आज बाजारातून सुया आणायच्यात. ढब्बूला मागे पिटाळून ती पुढे बसायची आणि तोंडाची टकळी सुरू करायची. तो पांढरा कुत्रा बघा ताई, रस्त्याच्या कडेला, कसला गोड आहे. ती हातगाडी बघा, सगळा रस्ताच अडवून बसलीय. त्या बाईची साडी बघितलीत का, आत्ता ओलांडतेय ती? थोरली बघायची, गाडी हळू व्हायची. मागून टिकली म्हणायची, आई, तू इतकं काय बोलतेस?

"तुझी आई माझ्या गाडीचा रेडिओ झालीय," थोरली म्हणायची. "बटण सापडत नाहीये मला."

मुलं खिदळायची. धाकटीही हसायची आणि हसता हसता डाव्या बाजूला बघत राहायची. असं रोज जाता येत नसे. ज्या दिवशी जाता येत नसे त्या दिवशी ती खिडकीशी असायची.

नाट्यगृहाचं काम संपत आलं तसा एक राखाडी कमी पडला. दोघी लोकर आणायला गेल्या. दुकानदाराने दोन लडी पुढे टाकल्या. धाकटीला त्या एकच वाटल्या. थोरलीने दोन्ही दाराशी उजेडात नेल्या, एकेक धागा काढून पिळला, शेजारी ठेवून बघितला, आणि एक बाजूला सारली. हिच्यात हिरव्याचा अंश आहे, म्हणाली, निळ्याशेजारी बसली की शेवाळ्यासारखी दिसेल. दुकानदाराने लडीवरचे क्रमांक ताडून बघितले. रंगाचा घाणा वेगळा निघाला. तो म्हणाला, बाई, तुमच्या डोळ्यांचा विमा उतरवा. थोरली खूश झाली.

धाकटी दाराशी उभी राहून ऐकत होती आणि पहिल्यांदाच तिचा स्वतःवरचा विश्वास डळमळला. हे असं बघू शकणाऱ्या बाईला दिसत नाही, हे आपण कोणाला पटवणार? आपल्याच डोक्यात काही भरलंय का? परतताना त्या शंकेने तिला इतकं हलकं वाटलं, की ती गाडीत गप्प बसली. कुत्रे, हातगाड्या, साड्या, कशाबद्दलही बोलली नाही. मांडीवरच्या लडीची गाठ सोडवत राहिली.

बेकरीच्या वळणावर तिने मान वर केली ती सहज. डावीकडच्या गल्लीतून एक मुलगी सायकलवर बाहेर येत होती, टिकलीपेक्षा थोडी मोठी, पाठीला दप्तर. मुलीने गाडीकडे बघितलं होतं आणि गाडी थांबेल असं धरून ती पुढे आली होती. थोरली त्याच बाजूला बघत होती. तिचा चेहरा शांत होता. तिने वेग वाढवला.

"ताई," धाकटी ओरडली आणि तिने थोरलीच्या हातातलं चाक धरून ओढलं.

गाडी तिरकी जाऊन थांबली. सायकल आडवी झाली होती. मुलगी उठून बसली. गुडघा सोलवटला होता, बाकी काही नव्हतं. ती रडली नाही. तिने दोघींकडे विलक्षण रागाने पाहिलं, सायकल उचलली आणि लंगडत निघून गेली. बेकरीतला माणूस दारात येऊन बघून आत गेला.

थोरलीने गाडी बंद केली.

"कुठून आली ती?" ती म्हणाली. "मी बघितलं होतं ना. रस्ता मोकळा होता."

सलग झालंय बघ, हे ती ज्या आवाजात म्हणाली होती तोच हा आवाज. त्यात सारवासारव नव्हती, खोटं नव्हतं. धाकटीची शंका तिथेच संपली, आणि शंकेबरोबर जो थोडासा आधार होता तोही गेला. ती काही बोलणार तोच थोरलीने तिचा दंड घट्ट धरला.

"ह्यांना सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे."

धाकटीने मान हलवली. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं, की ती का हलवली. त्या क्षणी थोरलीचं तोंड पाय मोडला होता त्या दिवसांतल्यासारखं झालं होतं, आणि तिला ते बघवलं नव्हतं, एवढंच.

त्या रात्री जेवताना भाऊजींनी गाडीवरून काहीतरी नेहमीचा विनोद केला. थोरलीने नेहमीचं उत्तर दिलं नाही. भाऊजींनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि भात मागितला.

दोन दिवस धाकटीने शब्द जुळवले. चौकट पुसताना, मुलांचे डबे भरताना ती मनात तेच घोळवत होती. ताई, तुमच्यावर माझा राग नाही. ताई, तुम्ही माझ्या टिकलीला सख्ख्या पोरीसारखं वाढवलंत म्हणूनच सांगते. ताई, हा आजार आहे, वेळेत गेलं तर आहे ती नजर तरी टिकते. शेवटी दुपारी मुलं शाळेत आणि भाऊजी कचेरीत असताना ती पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली. थोरली एक पुरा झालेला तुकडा मांडीवर पालथा घेऊन बसली होती आणि त्याच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवत होती.

"ये," थोरली मान वर न करता म्हणाली. "हात लाव इथे."

धाकटीने हात लावला.

"मी शेपूट उजवीकडे दडपते. तू डावीकडे. माझ्या कामात तुझी शेपटं किती आहेत ते हाताला लागतं मला. सगळ्या तुकड्यांत आहेत." तिने तुकडा उलटा केला. "मी उठले की तू माझं काम दुरुस्त करतेस. किती दिवस चाललंय हे? माझ्या हातचं तुला पटेनासं झालंय का?"

तिचे डोळे भरून आले होते. धाकटीला वाटलं, हीच वेळ. ओठापर्यंत आलं होतं. पण थोरली तिच्याकडे बघत होती, आणि ते बघणं इतकं नीट, इतकं नेमकं होतं, की धाकटीने नजर तुकड्याकडे वळवली. आत्ता ही रडतेय ती माझ्या अविश्वासावर. मी तोंड उघडलं तर ही जे रडेल ते मला थांबवता येणार नाही.

तसं नाही ताई, एखाददुसरा टाका दिसला तर घातला, असं ती काहीतरी पुटपुटली. थोरली नाक पुसत म्हणाली की दिसला तर मला दाखवायचा, माझ्या पाठीमागे घालायचा नाही. धाकटी बरं म्हणाली. दुपार तशीच गेली.

बैठकी पोचवायचा दिवस रविवार ठरला. घाट उतरल्यावर पलीकडे तळं होतं, होड्या होत्या. मुलांनी हट्ट धरला आणि थोरलीने लगेच हो म्हटलं. धाकटी म्हणाली, मीही येते. तिने मनात घाटातलं एकेक वळण मोजून ठेवलं होतं. दरी डाव्या बाजूला होती. ती पुढे बसणार होती आणि वळणावळणाला बोलत राहणार होती. एवढं एकदा पार पडू दे, मग सांगीन. हे 'मग' ती किती दिवस पुढे ढकलत होती, ते तिला कळत होतं. पण भीतीने माणूस जवळच्या गोष्टीलाच धरतो, आणि जवळचं होतं ते पुढचं सीट.

रविवारी सकाळी बैठकी जुन्या चादरींत बांधून झाल्या. गाठोडी डिकीत मावेनात. दोन पुढच्या सीटवर आली आणि थेट काचेपर्यंत पोचली. मुलं मागे बसली. त्यांच्यामध्येही एक गाठोडं होतं, आणि ढब्बूने त्यावर कोपर टेकून ठेवलं होतं.

"तुला आता जागा नाही गं," थोरली म्हणाली. "तू राहा. ते शेवटचे दोन तुकडे संपव म्हणजे उद्या सुटलो. मुलं आहेत की सोबतीला."

भाऊजी पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. "खांबाला बजावून ठेवलंय मी," ते म्हणाले. "आज बाईसाहेब घाट उतरायला निघाल्यात, अंग चोरून उभा राहा."

"घाटात तुम्ही नाही आहात, म्हणून घाट सोपा जाईल," थोरली म्हणाली. तिला आज बरं वाटत होतं. तिने किल्ली बोटाभोवती फिरवली आणि दार उघडून चाकामागे बसली.

धाकटी गाडीच्या डाव्या बाजूला उभी होती. मागच्या काचेतून टिकलीने तिला हात केला. पुढची काच गाठोड्यांनी झाकली होती. त्या बाजूने आता कोणीही बघणार नव्हतं. घाट, दरी, समोरून येणाऱ्या गाड्या, कडेने चालणारी माणसं, आणि थोरलीला सगळीकडे मोकळा, सलग रस्ता. इंजिन सुरू झालं.

"ताई, थांबा," ती म्हणाली.

थोरलीने काच खाली केली. काय राहिलं, तिने विचारलं.

"जरा आत येता? दोन मिनिटं. बोलायचंय."

"आत्ता? उशीर होतोय गं. उन्हाच्या आत घाट उतरायचाय. इथेच बोल."

धाकटीने पायरीकडे बघितलं. भाऊजींनी वर्तमानपत्र खाली घेतलं होतं. ज्या माणसासमोर हे कधीच बोलायचं नाही असं तिने कबूल केलं होतं, तो चष्म्यावरून बघत होता. एकांतात बोलण्याच्या सगळ्या दुपारी तिने घालवल्या होत्या. आता उरली होती ती हीच जागा, आणि हा माणूस समोर.

तिने मागचं दार उघडलं. टिकलीचा हात धरून तिला बाहेर घेतलं. मग पलीकडे जाऊन ढब्बूला उतरायला सांगितलं. ढब्बू का का करत उतरला. तिने दार लावून टाकलं.

"अगं, काय चाललंय तुझं?" थोरली म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात कुठेतरी भीती आली. "उतरवतेस कशाला त्यांना?"

"काय झालं?" भाऊजी पायरीवरून उठले.

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती दोन पावलं पुढे होऊन थोरलीच्या खिडकीशी आली आणि वाकली, अगदी समोर, जिथे ती थोरलीला पूर्ण दिसेल. दोन्ही मुलांचे हात तिने धरून ठेवले होते.

"मुलं तुमच्या गाडीतून जाणार नाहीत ताई," ती म्हणाली. "आज नाही आणि उद्याही नाही. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही."